टाकी भरलेली, धार बारीक

“अप्पा, हला जरा. तुमचं तोंड उघडं राहून थांबलंय,” मुलगी बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर ओरडत होती.

मी रेंजसाठी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून तिच्या दुप्पट ओरडत होतो. माझा आवाज फक्त बंगळुरूला पोचत नव्हता, बाकी सगळीकडे पोचत होता. त्या दिवशी पार तिकडं लांब करकंब गावच्या बाजारात बैल बुजले म्हणतात, ते माझ्यामुळंच. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यातून म्हणाली, “काका, फोन कशाला लावताव? नुसतं ओरडा की. जाईल तितवर.”

रोज संध्याकाळी सातला हा तमाशा. बायको गेल्यापासून दिवसभरात माझं माणसाशी बोलणं म्हणजे हा एवढा एक फोन. म्हणून डेटा मी जिवापाड जपायचो. सोलापूरकर माणूस. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं घागर, बादली, पिंप, वाटीसुद्धा भरून ठेवायची हाताला सवय. तसाच रोजचा दीड जीबी. सकाळपासून त्याला शिवायचं नाही. बातम्या नाहीत, भजन नाही, नातेवाइकांनी धाडलेली सुप्रभातची फुलंसुद्धा उघडायची नाहीत. सातला टाकी काठोकाठ. तरी चित्र गोठायचंच. आणि उरलेला डेटा रात्री बाराला वाहून जायचा. इतका वाहून गेला, की त्यात अख्ख्या केम गावानं आपापल्या लग्नांचे व्हिडिओ दोन-दोनदा बघितले असते.

शेवटी घरात फायबरचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं. वायर ओढायला आलेला गडी भिंतीला भोक पाडता पाडता माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेत होता. ड्रिल थांबवून म्हणाला, “काका, टाकी तुमची भरलेलीच हुती. पण सात वाजले की सगळी गल्ली एकदम नळाला मोटारी लावल्यागत डेटा वडती. टॉवर एकच. धार कुठनं यायची? आता घरात तुमची वेगळी लाइन. बोला निवांत, संपतंय कुटं.”

म्हणजे इतके महिने मी भलत्याच देवाचे उपास करत होतो.

त्या संध्याकाळी गच्चीवर गेलो नाही. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलो. सातला मुलगी समोर आली ती अशी स्वच्छ, की तिच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. तिच्या भांगात एक पांढरा केस दिसला. तो कधी आला, मला माहीत नव्हतं.

“जेवलात?”

“भाकरी, शेंगाची चटणी.”

“गोळी?”

“घेतली. तुझं ऑफिस?”

“चाललंय.”

मग ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मला वाटलं, गोठलं चित्र. सवयीनं ओरडलो, “ऐकू येतंय का?”

“येतंय की.”

मागं सेकंदकाटा नीट फिरत होता. सात वाजून सहा मिनिटं झाली होती. गच्चीवर असतो तर अजून पहिलं ‘हॅलो’ लागायचं होतं. फोन तुटायचा, ती पुन्हा लावायची, मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळायचो, ती हसायची, आणि खाली उतरेस्तोवर आठ वाजलेले असायचे.

“आता तुटत नाही बरं का,” मी म्हणालो. “हवं तेवढं बोल.”

“बोलून झालं की सगळं, अप्पा.”