खुळखुळा वाजला की थांबायचं

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका प्रायमरी स्कूलमध्ये मी टीचिंग असिस्टंट आहे. गेल्या वर्षी इयर फोरच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना धोक्यात आलेल्या प्राण्यांचा विषय होता. वाघ, पांडा बाकीच्या वर्गांनी आधीच पटकावले. आमच्या वाट्याला आला रॅटलस्नेक. त्यात क्लास टीचर आजारी, म्हणजे धडा माझ्या गळ्यात. मला तर सापाचं चित्र पाहिलं तरी अंगावर काटा येतो.

अमेरिकेतला हा साप शेपटीचा खुळखुळा वाजवून आधी सावध करतो, उंदीर खातो, पण दिसला की माणसं त्याला मारतात, एवढं मी सांगितलं.

"मारलेलाच बरा, मिस," एक मुलगा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मग योगर्टच्या रिकाम्या डब्यांत तांदूळ भरून आम्ही खुळखुळे केले आणि हॉलमध्ये गेलो. एकानं डोळे बांधून मॅटवर साप होऊन बसायचं, बाकीच्यांनी दबक्या पावलांनी जवळून जायचं. खुळखुळा वाजला की थांबायचं आणि दुसऱ्या वाटेनं वळायचं. वर्षभर 'येस मिस'च्या पुढे न बोललेल्या एका मुलीनं सापासाठी हात वर केला.

तेवढ्यात कॉफीचा मग घेऊन हेडटीचर हॉलमध्ये शिरले. साप होऊन मॅटवर बसलेल्या त्या मुलीनं असा जोरात खुळखुळा वाजवला की ते जागीच थबकले.

"काय झालं?"

"सर, तिला भीती वाटतेय," मघाचाच मुलगा म्हणाला. "मागे व्हा आणि तिकडून जा."

हेडटीचर निमूटपणे भिंतीच्या कडेनं गेले. मुलांनी टाळ्या पिटल्या.

मुलीनं डोळ्यांवरची पट्टी काढली. "मिस, तुम्ही खरा साप पाहिलाय?"

"हो. नागपूरला, आमच्या अंगणात. माझ्या बाबांनी काठीनं मारला."

"त्यानं आधी खुळखुळा वाजवला होता?"

"त्याच्याकडे नव्हताच गं. तो पळत होता."

तिनं हातातला खुळखुळा हळूच मॅटवर ठेवला.

शनिवारी मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं.

"धामण होती ती, बिनविषारी," बाबा म्हणाले. "मला फार उशिरा कळलं. आता कॉलनीत साप निघाला की मी सर्पमित्राला बोलावतो. तो येईपर्यंत खुर्ची टाकून बसतो, कुणाला जवळ फिरकू देत नाही."

"बाबा, हे माझ्या वर्गातल्या मुलांना सांगाल?"

"इंग्रजीत?"

"मी आहे ना!"

सोमवारी व्हिडिओ कॉलवर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पंधरा मिनिटं आधीच येऊन बसले होते.