ओव्हनमधला डावा दिवा

बायको विविक बाजारात गेल्याचं पाहून सुत्रिमोनं शेजारच्या कार्यादीकाकांच्या गाडीचा पिवळा पडलेला पुढचा डावा दिवा तिच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवला आणि तो नमाजाला गेला. दहा मिनिटांत डिंक सैल होतो, प्लॅस्टिकची काच सुटते, मग ती घासायची. उजवा दिवा कालच असा लखलखीत झाला होता. आज परतला तर विविक आधीच घरी आलेली आणि काच पापडासारखी मुरडलेली. त्याला काही समजेना.

"आच कुणी वाढवली?"

"मी. ईदच्या बिस्किटांसाठी ओव्हन तापवत होते," विविक म्हणाली.

"आत दिवा होता."

"अहो, ओव्हनमध्ये दिवा असेल हे कुठल्या बाईच्या डोक्यात येईल?"

काका दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या आईकडे गावी निघणार होते आणि सलातिगा शहरातली गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ईदसाठी बंद होती. शेवटी त्यानं स्वतःच्या गाडीचा तसलाच, पण पिवळा पडलेला दिवा काढून काकांच्या गाडीला बसवला.

काकांनी वाकून दोन्ही दिवे पाहिले. "एका डोळ्याचा मोतीबिंदू राहिला की रे."

"उजेड पडतो, काका. परत आलात की काढतो."

ईद होऊन महिना झाला. मोतीबिंदू अजून बाकी आहे, कारण विविक त्याला ओव्हनला हात लावू देत नाही.