दाजींचा दुसरा निरीक्षक

माणसांकडे नुसतं बघत बसून त्यांना पुरतं हैराण करणारा आमच्या दाजींसारखा इसम उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात सापडला नसता. दाजी म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान, लोहाऱ्याच्या शाळेत मास्तर. छप्पन्न साली जिल्हा मुंबई राज्यात आला, हेडमास्तरकीला वरची पदवी लागणार असं कानावर आलं, आणि दाजींनी मानसशास्त्राचा प्रबंध लिहायला घेतला. विषय, माणसाचं वागणं. आधी ते एसटी स्टँडवर जाऊन बसले. खिडकीतून रुमाल टाकून जागा कोण धरतं, ते त्यांना टिपायचं होतं. पण कोट घालून काहीतरी लिहिणारा माणूस लोकांना कुणी साहेबच वाटला, आणि गाडी लागताच सगळे मुकाट रांगेत उभे राहिले. दाजी तोंड पाडून घरी आले. "सगळे नीट वागले. दिवस फुकट गेला," म्हणाले.

ज्याला बघायचं त्याला ते कळता कामा नये, एवढं त्यातून ठरलं. घर शाळेला लागूनच होतं, तेव्हा परसातल्या तट्ट्याआड बसून मधल्या सुट्टीतली पोरांची भांडणं बघायची. शिवाय एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा नको. दोघांनी वेगवेगळं टिपायचं आणि दोघांचं जुळलं तरच ते खरं धरायचं. दुसरा निरीक्षक म्हणून अक्का बसली, बिनपगारी, मांडीवर डाळ निवडायचं सूप घेऊन. झालं, जुळेचना. दाजी 'भांडण' लिहीत तिथं अक्का 'खेळ' मांडे.

"अगं, त्यानं ढकललं त्याला. ढकलणं म्हणजे भांडण, असं ठरलंय आपलं."

"ठरलं असंल. पडलेला लई हसतोय की. भांडणात कुणी हसतं व्हय?"

शहरातल्या मार्गदर्शकांनी कळवलं, दोघांचं जुळत नसेल तर प्रबंध पुढे जायचा नाही. हेडमास्तरकी हातची जाणार असं दिसल्यावर अक्का हळूच म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं मांडते मी. कुणाला कळतंय?"

दाजी इतके दुखावलेले मी कधी पाहिले नव्हते. "मग तुला बसवलं कशाला?" म्हणाले. प्रबंध राहिला, हेडमास्तरकी दुसऱ्याला मिळाली, आणि ही दोघं मात्र पुढेही तट्ट्याआड बसून हौसेनं वाद घालत राहिली.

अक्का गेल्यावर मी दाजींना भेटायला गेलो. मधली सुट्टी झाली तशी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. पलीकडे दोन पोरी एका दोरीसाठी ओढाताण करत होत्या.

"तुला काय दिसतंय?"

"भांडण," मी म्हणालो, त्यांना बरं वाटावं म्हणून.

"मलाही तेच दिसलं," दाजी म्हणाले. "जुळलं." आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला अक्काची फार फार आठवण झाली.