एकाच स्क्रिप्टला दिलेली मोकळीक

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर मी बसतो. तिथल्या लॅपटॉपला बारकोड वाचणारं यंत्र जोडलेलं आहे. ते आपणहून सुरू होत नसे. पुरवठादाराने त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, दिली होती; पण ती चालवली की पडदा काळवंडायचा आणि प्रश्न यायचा, याला संगणकात बदल करू द्यायचे का? हो म्हणायला ॲडमिनचा पासवर्ड लागे, आणि तो फक्त अक्कांकडे.

अक्का दुसऱ्या मजल्यावरच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक. मूळच्या मैंदर्गीच्या, घरी कानडी, आमच्याशी मराठी. सगळं बघून, वाचून, कधी बिघडवून शिकलेल्या. गुडघा दुखत असला तरी रोज सकाळी दोन जिने उतरून यायच्या आणि पासवर्ड टाकून परत वर जायच्या. तोवर खिडकीसमोर रांग लागलेली.

एकदा मी वैतागून म्हणालो, "अक्का, मलाच ॲडमिन करा आणि हा प्रश्न कायमचा बंद करून टाका."

"करता येतंय की," त्या म्हणाल्या. "पण मग तुमचीच न्हाय, कुणाचीबी स्क्रिप्ट न इचारता चालंल. हितं दिवसभर लोकं पेनड्राइव्ह लावत्यात, सर."

मला ते आडमुठेपणाचं वाटलं. त्या मात्र खुर्ची ओढून बसल्या. आधी स्क्रिप्टची ओळ न् ओळ वाचली. मग टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरवलेली कामं आपोआप चालवणाऱ्या संगणकातल्या सोयीत, तेवढ्या एका स्क्रिप्टसाठी काम लावलं: मी लॉगिन केलं की ती पूर्ण अधिकारांनी आपोआप चालावी. शेवटी स्क्रिप्टचं फोल्डर असं बंद केलं की मलाही त्यात अक्षर बदलता येईना.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हिला कुणी इचारणार न्हाय आता. मग हिच्यात कुणी काय घातलं तर?"

दुसऱ्या दिवशी यंत्र ढिम्म. मी जरा खुशीतच वर फोन केला. अक्का आल्या, पाहिलं, आणि हसल्याच. वीज गेली होती, लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि शेड्युलरमधल्या कामावर 'फक्त वीज असतानाच चालव' अशी खूण आधीपासूनच केलेली असते. "ती खूण काढायची राहिली बगा. चूक माझीच," म्हणाल्या आणि खूण काढली. तेव्हापासून लॉगिन करताच यंत्राचा लाल दिवा लागतो.

मला हाव सुटली. इंटरनेटवरून उतरवलेली एक स्क्रिप्ट घेऊन मी वर गेलो. मुदत उलटूनही परत न आलेल्या पुस्तकांची यादी ती आपोआप काढे. "हिलाही तशीच लावा."

त्यांनी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ही बाहेरनं कायतरी आणतीया. काय ते मला कळंना. कळंस्तवर न्हाय."

मी रागावून खाली आलो. तीन दिवसांनी अक्का स्वतःच आल्या. तेवढी ओळ काढून त्यांनी स्क्रिप्ट जुन्या संगणकावर चालवून पाहिली होती. यादी नीट येत होती. "आणि हिला ॲडमिनचे अधिकार लागतच न्हाईत, सर. उगं कशाला द्यायचे?"

मी त्यांना तिथेच म्हणालो, मला हे वाचायला शिकवा. आता जेवणाच्या सुट्टीत मी वर जातो. डबा खाता खाता त्या एकेक ओळ विचारतात, आणि माझं चुकलं की आधी कानडीत काहीतरी पुटपुटतात, मग मराठीत समजावतात.