भरलेले सिलिंडर जातात कुठे?

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर आमच्या सोसायटीतलं कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच, त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी!

मी भूगर्भशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएचडी काळ्या पाषाणावर, म्हणजे ज्वालामुखीचा रस थिजून झालेला आपला बेसाल्ट, त्याच्यावर. एवढं शिकून काय मिळालं? शंका! कुलूप लावून फाटकापर्यंत जातो आणि परत येऊन ओढून बघतो. मग वाटतं, ओढताना उघडलं तर नसेल?

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. पेपरात लेख आला होता की कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली बेसाल्टमध्ये कोंडायचा शास्त्रज्ञांचा विचार चाललाय. तिथे हळूहळू त्याचा दगड होतो म्हणे. आणि असा खडक भरपूर कुठे? आपल्या महाराष्ट्राखाली! दुसरा कुणी असता तर त्याची छाती फुगली असती. माझी धडधडायला लागली. दगड व्हायच्या आधीच वायू गळाला तर?

आणि त्याच आठवड्यात आमच्या भाईंदर पूर्वेच्या बिल्डिंगमागे, भिंतीपलीकडच्या गाळ्याच्या आवारात, बोअरचं मशीन येऊन उभं राहिलं.

भिंतीवरून हात घालून मी बोअरमधून उडालेली भुकटी चिमटीत घेतली. काळी. बेसाल्ट! मग आला टेम्पो. त्यातून सिलिंडर उतरले, आणि सिलिंडरवर लिहिलेलं काय? सीओटू! शटर अर्धंच वर, माणसं वाकून आत. संध्याकाळी तेच सिलिंडर रिकामे होऊन टणटण वाजत बाहेर. आता तुम्हीच सांगा, भरलेले आत जातात, रिकामे बाहेर येतात, शेजारी जमिनीला भोक. शंका कुणाला येणार नाही?

"निर्मला, आपल्या घराखाली गॅस कोंडतायत."

बायको पाळण्याच्या दोऱ्या तपासत होती. आमची अदिती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. "तुमच्या पोटात कोंडलाय तेवढा पुरे," ती म्हणाली. खरंच होतं. काळजीने मला पित्त होतं, आणि पित्तावर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडची गोळीसोड्याची बाटली, हाच काय तो आधार. त्या दिवसांत एकीने भागेना.

पण हा वायू हवेपेक्षा जड. तो तळाशी साचतो. आम्ही तळमजल्यावर, आणि घरात सगळ्यात खाली काय असणार? बाळाचा पाळणा! मी आणखी एक सोडा प्यायलो.

मग पुरावा शोधला. हा वायू असला की ज्योत विझते. तिन्हीसांजेला देवापुढचं निरांजन उचलून जमिनीवर ठेवलं. फुस्स! विझलं!

"बघ! बघ!"

"अहो, पंखा बंद करा आधी!"

पण कोण ऐकतंय? मी फोन लावला होता. "अदिती, तू इकडे येऊ नकोस. कारण विचारू नकोस."

पलीकडे रडणंच सुरू झालं. निर्मलेने फोन हिसकावून घेतला. "लेकीला माहेरी येऊ नको म्हणणारा बाप पहिल्यांदाच बघतेय मी! दगड, दगड करून काळजाचाही दगड झाला काय?"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मेहताभाईंना गाठलं. ते आधी हसले. मग मी लाव्हारस, दाब आणि भेगा समजावून सांगितल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. "सर, आप पीएचडी हो. आप बोलते हो तो होगा ही." संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीची भूक गेली. लोक किराणावाल्यासमोर घोळक्याने उभे, हातात सोडा, आणि चर्चा एकच, फ्लॅट विकायचा तर आता घेणार कोण? त्या आठवड्यात टेम्पो दिवसातून दोनदा यायला लागला.

"देखा?" मी म्हणालो. "काम वाढवलंय त्यांनी!"

शेवटी मोर्चा निघाला. पुढे मी, मागे मेहताभाई, त्यांच्या मागे पदर खोचून निर्मला आणि उरलेली सोसायटी. शटरखालून वाकताना माझी कंबर धरली, ते वेगळंच.

गाळ्याचा मालक जवळच्या राई गावचा बाळारामशेठ. वाडवडिलांची मिठागरं होती, आता हा धंदा. "या सर, या! शटरची स्प्रिंग तुटलीय, वर जात न्हाय."

"शेठ, खरं सांगा. एवढा गॅस आत जातो, तो जातो कुठे?"

"कुठं म्हंजे?"

"बोअरमध्ये सोडता ना?"

"बोअर बाटल्या धुवायला हाय, सर!" बाळारामशेठने मागच्या क्रेटवरचं पोतं बाजूला केलं. गोळीसोड्याच्या बाटल्या! माझ्या रोजच्याच. "गॅस ह्यांच्यात जातो. आन् तिथून तुमच्या पोटात! किराणावाला बोलला, तळमजल्यावरचे सर सकाळ-संध्याकाळ घेतात. आन् या आठवड्यात तर तुमची आख्खी बिल्डिंग पितेय. गाडी दोनदा मागवावी लागली. काय पूजाबिजा हाय काय?"

सगळी सोसायटी माझ्याकडे वळली. "पीएचडी!" मेहताभाई एवढंच म्हणाले. शेठने सर्वांच्या हातात एकेक बाटली दिली, मलाही. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. गटागट प्यायलो. खडकात गेलेला वायू कायमचा तिथे राहतो म्हणे. माझ्यातला तिथेच, सगळ्यांदेखत, असा गडगडत वर आला की शटर थरथरलं.

निर्मलेने शेठचाच फोन उचलून अदितीला लावला.

"ये गं तू बिनधास्त. गळती सापडली. आणि तो जड वायू खाली बाळापाशी साचायला नको, म्हणून पाळणा घरात टांगते आणि बाबांचं अंथरूण गच्चीवर टाकते!"