वेळावावची वरात
दुलेराय मारू म्हणजे सौराष्ट्रातल्या गोंडलकडचा हसवणारा माणूस. गावोगावच्या डायऱ्यात, म्हणजे रात्रभरच्या गाण्या-गप्पांच्या मैफलीत, भजनं गाऊन गवई दमले, की लोक ओरडायचे, "दुलाभाई, वेळावावची वरात!" मग दुलाभाई सांगायचे: वेळावावचं वऱ्हाड मुलीच्या दारात पोचलं, पण नवरदेवाचा पत्ता नाही. व्याही विचारतो, "जावई कुठायत?" वऱ्हाडी म्हणतात, "गाठियाच्या दुकानात. चटणी यायचीय."

वेळावावचेच लोक पुढं बसून मांड्यांवर थापा मारत हसायचे. कॅसेट निघाली तेव्हा ट्रकवाल्यांनी ही वरात थेट कच्छपर्यंत नेली. टीव्हीवाल्यांनी ती आखूड केली आणि मागं यंत्रातलं हसू भरलं. ते ऐकून दुलाभाई बायकोला म्हणाले, "कंचन, मी अजून बोलतोय आणि हे आधीच का हसतायत?"

मग मोबाइल आले. कुणीतरी किश्शातलं एकच वाक्य कापून पसरवलं: "वेळावाववाल्यांना पोट आधी, अब्रू मागून."

फोन सुरू झाले. शिवीगाळ नाही. "काका, ती वरात सांगा ना," एवढंच. दुलाभाई हौसेनं सांगत. पलीकडून हूं की चूं नाही. संपलं की फोन बंद.

"उचलू नका हो," कंचनबेन म्हणाली.

"अगं, ऐकणारा माणूस आहे."

एका दुपारी जीप आली. चार तरुण उतरले, अदबीनं ताक प्यायले आणि म्हणाले, "चला काका. गावाची माफी मागायची."

त्यांचा तबलजी अन्वर मीर न विचारता जीपमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

वेळावावच्या देवळापुढं जुने श्रोते उभे होते, माना खाली घालून. दुलाभाईंनी हात जोडून माफी मागितली. मोबाइल धरलेला तरुण म्हणाला, "पुन्हा. तुम्ही हसताय."

"अरे भाई, माझं तोंडच असं आहे."

एका म्हाताऱ्याला फिस्कन हसू फुटलं. तरुणानं नुसतं वळून पाहिलं. म्हाताऱ्यानं उपरणं तोंडाला लावलं.

"पुन्हा, काका."

ऊन उतरेपर्यंत दुलाभाई माफी मागत राहिले, चेहऱ्यावरचं सगळं पुसलं जाईपर्यंत. तेव्हा कुठं तरुणाचं समाधान झालं.

त्यांच्या कुठल्याही विनोदापेक्षा ती माफी जास्त पाहिली गेली. बोलावणी थांबली नाहीत. जेतपूरच्या एका लग्नात त्यांनी स्वतःच्या सासऱ्याचा किस्सा काढला. समोर मोबाइल वर झाले. दुलाभाई मध्येच थांबले.

"हे मोबाइलात कोण कोण भरून घेतंय?" त्यांनी विचारलं.

हाही किश्शाचाच भाग समजून मांडव हसून लोटपोट झाला. त्यांनी पुन्हा विचारलं, तसे लोक आणखी हसले. दुलाभाई अन्वरकडे वळून हळूच म्हणाले, "तबला बांध. निघू."