जोतिबाच्या वाटेवर

थोरले बंधू गेले तेव्हापासून देवापुढे हात जोडताना माझं मन गप्प बसेना. दादा तरुणपणी नावाजलेले पैलवान. कुस्ती सुटली, पण खुराक सुटला नाही. अंग सुटत गेलं, जिना चढताना धाप लागू लागली. "पैलवानाचं शरीर हाय, मोठं असणारच की," म्हणून ते हसायचे. एका दुपारी जेवून उठले आणि दारातच कोसळले. वर्षानुवर्षांच्या वजनानं हृदय थकलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचीही तपासणी करून घ्या." माझी अंगकाठी दादांसारखीच.

तपासणीचा दिवस ठरला. त्याआधी एकदा जोतिबाचं दर्शन घ्यावं, असं वाटलं. भक्ती कमी, भीतीच जास्त होती. कागलहून एकटाच निघालो आणि पायथ्यापासून डोंगर चढू लागलो.

निम्म्या वाटेवर जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हणून चालत राहिलो. वारा गार होता, तरी सदरा घामानं भिजला. तेवढ्यात मागून आवाज आला, "पावणं, खाली बसा." गडहिंग्लजकडची एक बाई होती, सोबत तिची जाऊ. मी म्हणालो, "दाढ दुखतीय, दुसरं काही न्हाय."

"माझ्या मालकांनीबी असाच जबडा धरला हुता. आमीबी दाढच म्हटलो," ती म्हणाली.

तिनं मला पायरीवर बसवलं, पुढं पाऊल टाकू दिलं नाही. हातातला नारळ आणि देवाला वाहायचा दवणा जावेकडं दिला, "तू जाऊन ये," म्हणाली. वाटेवरच्या माणसांना हाका मारून मला जवळच्या गाडीरस्त्यापर्यंत उचलून न्यायला लावलं, जीप थांबवली आणि स्वतः शेजारी बसली. शिखर मागं पडत होतं आणि देवानं मला दारातूनच परत पाठवलं, असं वाटून डोळे भरून आले.

दवाखान्यात कळलं, हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. डॉक्टरांनी ती उघडली, पण हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. माझी बायको येईपर्यंत ती बाई बाकावर बसून होती. धावपळीत तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

दादांची बायको, माझ्या वहिनी, दवाखान्यात आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमास्नी बाई भेटली. ह्यास्नी का न्हाय भेटली?"

दादांपेक्षा माझी पुण्याई जास्त होती, असं म्हणायला जीभ धजत नाही. कृपा का येते आणि कुणाच्या दारावरून का निघून जाते, हे विचारणं मी आता सोडलं आहे. ज्यानं वाचवलं त्याच्या हाती उरलेलं सोपवलं, एवढंच.

वजन हळूहळू उतरतंय. डोंगर पुन्हा चढता येईल की नाही, ठाऊक नाही. सकाळी जाग आली की आधी भीती येते, मग श्वास जाणवतो. मी हात जोडतो, गोळ्या घेतो आणि वहिनींच्या घरावरून फिरायला जातो. त्या कधी थांबवून दोन शब्द बोलतात, कधी मला बघून दार लावून घेतात. बंद दारालाही मी नमस्कार करतो आणि सावकाश पुढं चालू लागतो.